कल्हई

बॅच सतरा. तिसऱ्या महिन्यात गोळी पिवळी पडली.
चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के दमट हवा.
भोसरीच्या लॅबमधलं ते कपाट
दोन वर्षांचे उन्हाळे सहा महिन्यांत उरकतं.
"करडे मॅडम, दुसरं औषध फुटतंय," असं सांगून
निनाद रिपोर्ट ठेवून चहाला गेला.

एका गोळीत दोन औषधं.
पहिलं जिभेखाली विरघळतं आणि मेंदूतल्या
त्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसतं,
तेही नीट नाही, एका मांडीवर,
तलफेला टेकायला जागा उरू नये इतपत.
दुसरं राखणदार.
जिभेखाली ठेवलंत तर झोपून राहील.
गोळी कुटून, पाण्यात कालवून सुईत भरलीत
की खडबडून उठेल,
घाम, उलट्या, हाडांतल्या कळा
एका दमात पदरात घालेल.
चारास एक हे प्रमाण.
कागदावर सोपं वाटतं.
एकाच छताखाली दोन स्वभाव,
एकाला सोसते ती हवा दुसऱ्याला सोसत नाही.

आमच्या तांबट आळीला यात नवल वाटलं नसतं.
तांब्यात ताक कळकतं, म्हणून आतून कथील.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि भांड्याच्या पोटात एकदम चंद्र.
कल्हई उडाली की तेच भांडं विष.

त्याच आळीत, ठोक्यांच्या आवाजात
तान्ही पोरं झोपत नसत.
पणजी परवान्याच्या दुकानातून अफू आणायची,
नखाने मोहरीएवढी कोरून दुधात.
सात पोरं झोपली.
पाच उठली.
"गुटी जरा जास्त झाली," एवढंच घरात बोलत.

कॉलेजात पुढचं वाचलं:
अफू सुटावी म्हणून मॉर्फिन दिलं,
मॉर्फिन सुटावं म्हणून हेरॉइन,
तेही खोकल्याचं औषध म्हणून, बाटलीवर लेबल लावून.
प्रत्येक किल्ली पुढे कुलूप झाली.
मी परीक्षेत हे दहा मार्कांना लिहिलं.
मोरूकाकाचं नाव लिहिलं नाही.

तोवर गर्द म्हणजे झाडी, गर्द म्हणजे सावली.
चौऱ्याऐंशी साली तो शब्द पुडीत बांधून
आमच्या आळीत आला.
आधी घंगाळ गेलं, मग बंब,
मग आजोबांचा हातोडा, ज्याच्या दांड्याला
त्यांच्या अंगठ्याचा खळगा होता.
काका सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद
मांडीवर घासून सपाट करायचा
आणि खालून जाळ द्यायचा.
किती निगुतीने! कल्हई करावी तसा.
मी सहा वर्षांची. मला वाटायचं, काम शिकतोय.
लकडी पुलाखाली सापडला तेव्हा
खिशात तसेच चार कागद होते, घडी न मोडलेले.

मागच्या गुरुवारी येरवड्याच्या ओपीडीत
परदेशी नावाचा रिक्षावाला भेटला.
ट्रायलमधला नववा.
जिभेखाली गोळी, म्हणून बोबडा बोलत होता:
"मॅडम, औषधात पोलीस कशाला घातला?
माझ्यावर भरवसा नाही ना?"
मी म्हणाले, तसं नाही.
मग म्हणाले, हो, तसंच.
तो हसला. कडू लाळ गिळू नये म्हणून
तोंड मिटून हसला.
"बरोबर आहे," म्हणाला, "माझाही नाही."

राखणदाराला रात्रीतून कीड लागते,
हे मी त्याला सांगितलं नाही.

बॅच अठरा.
थोडं सायट्रिक आम्ल वाढवलंय,
बाटली रद्द. ओल शिरू नये म्हणून आता
प्रत्येक गोळीला वरून-खालून चांदीचा कागद.
नमुन्याचा पत्रा आला तेव्हा मी तो
नकळत अंगठ्याने सपाट करत होते.
निनादने पाहिलं. काही विचारलं नाही.

कपाटात ठेवला. दारावर तारीख लिहिली.
मोबाइलवर परदेशीचे दोन मिसकॉल होते.